वृद्धाश्रमात रविवारी दुपारी जाऊ नका

रविवारी चार वाजता सगळ्यांनी मिळून जायचं, पेढ्यांचा बॉक्स द्यायचा, फोटो काढायचा आणि साडेचारला गाडीत बसायचं. या भेटीत आजींपेक्षा आपलंच समाधान जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वेळी चादर बदललेली असते, वेणी घातलेली असते. सगळं ठीकच दिसणार.

त्यापेक्षा एकट्याने, मधल्या वारी, जेवणाच्या वेळेला जा (आधी विचारून, वेळ देत नसतील तर का, हेही विचारा). ताटातलं किती पोटात जातं आणि किती परत जातं ते बघा. भरवणाऱ्या मावशी उभ्या आहेत की बसलेल्या? उभ्याने भरवलं की म्हाताऱ्या माणसाची मान वर होते आणि घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. गिळायचा त्रास असला की घट्ट खिरीपेक्षा पातळ पाणीच जास्त अवघड जातं. अशांना चिवडा, शेंगदाणे अजिबात देऊ नका. जेवल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवायला हवं. मधुमेह असेल तर तुम्ही दिलेला पेढा सिस्टरना कळलाच पाहिजे.

माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर पांघरूण बाजूला करून टाचा, माकडहाड आणि कंबरेच्या बाजू बघा. संकोच वाटत असेल तर मावशींना सोबत घ्या. लाल डाग बोटाने दाबून सोडा. दाबूनही पांढरा पडत नसेल तर सतत पडून राहून होणाऱ्या जखमेची ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा आणि कडकपणा हाताला लागतो. तिथे मालिश करायची नाही, कूस बदलायची, साधारण दर दोन तासांनी. हवेची गादी आणून दिली म्हणजे कूस बदलायचं काम संपत नाही. आणि तिचा पंप चालू आहे ना, बघा. मोबाइल चार्ज करायला त्याचाच प्लग काढतात.

आई गप्प झाली असं वाटलं तर आधी कानाचं यंत्र तपासा. बॅटरी संपलेली किंवा नळीत मळ अडकलेला, कारण कधीकधी इतकंच असतं. समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसा, टीव्ही बंद करा. "मला ओळखलंस का?" ही परीक्षा घेऊ नका, आपणच नाव सांगा. स्मृतिभ्रंश असेल तर सकाळी जा. अनेकांची बेचैनी दिवस मावळताना वाढते.

एक गोष्ट मात्र वयावर ढकलू नका. परवापर्यंत नीट बोलणारं माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागलं किंवा सारखं झोपून राहू लागलं, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवं औषध यांपैकी काहीतरी असू शकतं. डॉक्टर त्याच दिवशी हवा. वजनाची वहीही मागा: ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर कारण शोधायलाच हवं.

तक्रार मावशींवर ओरडून करू नका, तो राग शेवटी आपल्याच माणसावर निघू शकतो. व्यवस्थापकांना लेखी द्या, तारीख घालून. तरीही हाल होत असतील तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फोनला पैसे पडत नाहीत.