बोलावणंच नसेल तिथे?
वर्षावनातल्या आदिवासींकडे पर्यटक म्हणून जाण्याबद्दलचा लेख वाचला. त्यात पाळायचे नियम दिलेत : स्थानिक वाटाड्या घ्या, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. पटलं. इक्वेडोरच्या यासुनी जंगलात किचवा लोकांच्या एका गावाने स्वतःचं लॉज चालवलंय, तिथे हे नियम पुरतात, कारण यजमान तेच आहेत. पण जिथे आपल्याला बोलावलेलंच नाही तिथलं काय?

अंदमानला सेल्युलर जेल बघायला आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने जातात आणि पुढे बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला. तो रस्ता जारवा या तिथल्या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे अंधारात जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची ही रांग! आमच्या गाडीतल्या एका काकूंनी ड्रायव्हरला तीनदा विचारलं, "जारवा दिसतील ना नक्की?" मांडीवर बिस्किटांचे पुडे तयार. वाटेत एक बाई कडेवर मूल घेऊन उभी दिसली आणि अख्खी गाडी त्या बाजूच्या खिडक्यांवर झुकली. मीसुद्धा. तिने मुलाचं तोंड खांद्याकडे वळवलं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

हे लोक जेमतेम काही शे आहेत. १९९८च्या सुमारास ते जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच हा रस्ता त्या पट्ट्यात बंद करायला सांगितलं होतं, तरी गाड्या चालूच. टूरवाल्याला आधी विचारा, बाराटांगला समुद्रमार्गे बोट आहे का. नसेल तर कृपा करून गुहा राहू द्या.