शिक्रा आला तर हाकलू नका बाप्पा

मंगळवारी सकाळी सव्वासातला आमचं मागचं अंगण एकदम चिडीचूप झालं. मिनिटभरापूर्वी सातभाईंचं भांडण चाललं होतं, गोडलिंबावर शिंपी पक्षी ओरडत होता, पाण्याच्या परळात दोन बुलबुल अंघोळ करत होते. आणि मग काहीच नाही. फक्त खार भिंतीवर शेपटी झटकत चिकचिकत होती. मी चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला आणि जामाच्या झाडाकडे पाहिलं (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी : पेरू). मधल्या फांदीवर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, बसला होता. पायाखाली होला (कबुतराच्या जातीचं लहान पाखरू).

तो पिसं उपटून खाली टाकत होता, अगदी सावकाश. माझ्याकडे एकदा लाल डोळा रोखून पाहिलं आणि परत कामाला लागला. एवढ्यात कंपाउंडच्या पलीकडून चप्पल आली. नेम चुकला, पण शिक्रा होल्यासकट उडाला.

"ताई, पाहून काय राहिल्या नुसत्या? हाकला ना त्याले! गरीब पाखरू खाऊन राहिला तो," शेजारचे काका.

काकांकडे दर रविवारी सावजी मटण असतं. हे मी बोलले नाही. शेजार आहे.

पण ते नुसतं गिळूनही बसवेना, म्हणून ही पोस्ट.

काकांना दोष देत नाही, कारण पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. तेव्हा शिक्र्याने होला पकडला तशी मी टाळ्या वाजवत, ओरडत धावले. तो घाबरून होला टाकून पळाला. मी होल्याला बुटाच्या खोक्यात ठेवलं, पाणी ठेवलं, पंखा बंद केला. पाठ फाटली होती. दोन तासांनी होला मेला. शिक्र्याची शिकार गेली, म्हणजे त्याने दुसरीकडे जाऊन आणखी एक पाखरू धरलं असणार. माझ्या दयेपायी एकाऐवजी दोन गेले, हा हिशोब मला तेव्हा सासूबाईंनी सांगितला. "वाचवायचं होतं तर आधी वाचवायचं, अर्धं खाल्ल्यावर काय," असं म्हणून त्या पोहे भिजवायला निघून गेल्या.

तेव्हापासून मी पाहत बसते. पाहत बसलं की कळतं, शिक्रा काही रोज पाखरं खात नाही. आमच्याकडे तरी त्याचा खरा डोळा सरड्यांवर असतो. कुंपणाच्या तारेवरून सरडा उचलताना मी त्याला कितीदा पाहिलंय. उंदराची पिल्लं, पाली, टोळ, पावसाळ्यात बेडूक, काहीही चालतं. आकाराने कबुतराएवढाच. नर पाठीकडून राखी-निळा आणि डोळे लाल, मादी त्याहून मोठी आणि डोळे पिवळट. हो, शिकारी पक्ष्यांत बहुतेक बाईच मोठी असते. आमच्या ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "घरीही तसंच आहे." असो.

आणि त्याच्या झडपा फसतात किती! पानाआड दबा धरून बसायचं आणि एकदम खालून सपकन यायचं, ही त्याची रीत. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक वेळा तो रिकाम्या पायांनी परतला. सातभाई सगळे मिळून अंगावर जातात. कोतवाल पक्षी तर घारीलाही पिटाळतो, तिथे शिक्र्याचं काय. शिवाय हा कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. 'टी-टुई' ऐकून साळुंक्या घाबरून उडाल्या की खालचा किडा याचा. अशा दहा जणांच्या पहाऱ्यातून जेवण मिळवायचं आणि वर आपली चप्पलही चुकवायची.

आणखी एक. जूनमध्ये 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडणारा पावशा दिसायला अगदी शिक्र्यासारखा असतो. तशीच छाती, तसंच उडणं. सातभाई घाबरून दूर झाले की पावशाची मादी त्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळी. म्हणजे ज्याला शिक्रा समजून तुम्ही दगड मारता तो आपला पाऊस सांगणारा पावशाही असू शकतो. चोच पाहा. शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी, पावशाची नाही.

माझं म्हणणं एवढंच की उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला गेला की आपण सगळे परळं भरून ठेवतो, तांदूळ-बाजरी टाकतो, स्टेटस ठेवतो. चांगलंच आहे, मीही ठेवते. पण दाणे टाकून शंभर पाखरं एका जागी गोळा करायची आणि मग शिकारी आला की त्याला दुष्ट ठरवायचं, हे काही पटत नाही. ज्या अंगणात शिक्रा येतो तिथे सरडे आहेत, किडे आहेत, झाडाला पानं आहेत. टाईल्स लावलेल्या अंगणात तो कशाला येईल?

खरंच पाखरं वाचवायची असतील तर मांजराकडे पाहा. परळ झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरते. चार पावलं मोकळी सोडा, म्हणजे पाखराला ते येताना दिसतं. शिक्र्याला निसर्गाने इथे पाठवलं, मांजराला आपण दूध पाजून ठेवलंय. मांजरवाल्यांनी रागावू नये. (रागावलात तरी चालेल.)

आणि मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर आमच्या कडुलिंबावर तो महिनाभर लोंबत असतो. मागच्या वर्षी त्यात घार उलटी लटकली होती. पंख हाडापर्यंत कापलेला. इथे नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र) आहे, तिथे कळवलं, माणसं आली, घेऊन गेली. त्या घारीसाठी मात्र गल्लीतला एकही माणूस चप्पल घेऊन मांजा विकणाऱ्याकडे गेला नाही.

दहा वर्षांपूर्वी बेसा रोडच्या रिकाम्या प्लॉटांवर कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली दिसायची, खाली उंदीर शोधत. आता तिथे फ्लॅट स्कीम आहेत. कापशी मला शेवटची कधी दिसली तेही आठवत नाही. कोणी तिला मारलं नाही. फक्त जागा संपली. म्हणून जामावर बसणारा हा एक तरी येत राहावा असं वाटतं.

काकांना काल कंपाउंडवरून सांगितलं की शिक्रा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, त्याला मारणं गुन्हा आहे. ते म्हणाले, "चप्पल तर माही होती ना." चप्पल अजून आमच्याकडेच आहे, एकच.

तुमच्याकडे कोण येतं ते सांगा. फोटो नसला तरी चालेल. कोणाला मार्च ते जूनमध्ये घरटं दिसलं असेल तर जागा मात्र इथे लिहू नका, पोट्टे गुलेल घेऊन पोचतात.