कॉन्फिडन्स आण म्हणे! कुठून आणू?

"कॉन्फिडन्स पाहिजे रे तुझ्यात, कॉन्फिडन्स!" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत आता. सुपरवायझर बोलतो, सिनियर बोलतात, माझ्या फक्त एक बॅच आधी लागलेला पोरगा पण बोलतो, आणि बोलून झालं की माझ्या हातातलं काम काढून घेतात. अरे मग तो कॉन्फिडन्स स्टोअरमध्ये मिळतो का? स्लिप लिहून देऊ का मी, की ऑइलसोबत पाव लिटर तो पण द्या म्हणून?

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणाऱ्या मशीनवर, अप्रेंटिस आहे मी. कागदावर अप्रेंटिस, प्रत्यक्षात बर (कापताना निघणारा धातूचा कीस) झाडणारा, कूलंट भरणारा आणि "ए, तो स्पॅनर आण" म्हटलं की पळणारा. त्याचं पण काही नाही, झाडू मारायला लाज कसली, नवीन माणूस ते करणारच. डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने. आधी थोडासा ट्रायल कट घ्यायचा, मशीन थांबवायची, बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर लावायचा, किती उरलंय ते बघायचं आणि मगच शेवटचा कट, हे मला याच लोकांनी शिकवलंय. मी तेच करत होतो. मशीन बंद करून चक (तुकडा पकडून फिरवणारा भाग) पूर्ण थांबायची वाट बघत उभा होतो, कारण फिरत्या जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, मायक्रोमीटर लावायचा नसतो हेही यांनीच सांगितलंय, तर मागून आवाज आला "झोपलास काय रे?" आणि मला खांद्याने बाजूला सारून साहेबांनी स्वतः हँडल फिरवलं, दोन मिनिटांत जॉब काढला, टेबलावर आपटला आणि निघून गेले. छान. प्रॉडक्शन झालं. मी काय शिकलो? बाजूला कसं सरकायचं ते.

बरं विचारावं तर त्याहून भारी. आमच्याकडे शेजारी शेजारी दोन लेथ आहेत, दिसायला जवळपास सारख्या. एकीवर क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) डायलवर ०.१ मिमी आत गेलं की टूल खरंच ०.१ आत जातं, म्हणजे डायामीटर ०.२ ने कमी होतो. दुसरीवर डायलच्या रेघाच डायामीटरच्या हिशोबाने मारलेल्या आहेत, तिथे ०.१ म्हणजे डायामीटरमध्ये ०.१. आता पहिल्यांदा त्या मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाने हे ओळखायचं कसं? म्हणून कट घेण्याआधीच विचारलं. उत्तर काय मिळालं? "एवढं पण येत नाही? काय शिकून आलास?" आणि आजूबाजूचे सगळे फिदीफिदी. गंमत म्हणजे उत्तर कोणी दिलंच नाही! शेवटी मीच एक वाया गेलेला तुकडा चकमध्ये धरला, हलका कट मारून डायामीटर मोजला, डायलवर थोडं आत घेतलं, परत कट, परत मोजला, आणि फरक बघून काय ते समजून घेतलं. त्याला वेळ लागला तर वर ऐकवलं, "स्लो आहे पोरगा." म्हणजे विचारलं तर अक्कल नाही, नाही विचारलं तर "तोंड नव्हतं का विचारायला", आणि स्वतः शोधून काढलं तर स्लो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन बाईंनी हॉस्पिटलमधल्या टीमच्या औषधं देण्यातल्या चुका तपासल्या होत्या. त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या जास्त! कारण चांगल्या टीममध्ये लोक चुका उघड बोलत होते, बाकीच्या ठिकाणी भीतीने लपवत होते. आमच्याकडे हे कोणाला सांगायची सोय नाही म्हणा, लगेच "आला मोठा शहाणा". पण विचारणाऱ्याला हसलात तर पुढचा माणूस न विचारताच हँडल फिरवणार, आणि मग टूल जॉबमध्ये घुसलं की परत बोंबलायला तुम्हीच पुढे.

आणि कारण सांगायला यांना काय जड जातं देव जाणे. "जॉब थंड होऊ दे, मग माप घे." का? "सांगितलं तेवढं कर." अरे का ते सांग ना बाबा! मी स्वतःच शोधलं नंतर. ५० मिमीचा स्टीलचा शाफ्ट खोलीच्या तापमानापेक्षा ४० डिग्रीने गरम असेल तर डायामीटर साधारण ०.०२३ मिमी जास्त दिसतो. आणि h७ फिट (शाफ्टच्या मापाचा एक ठरलेला दर्जा) असेल तर ५० मिमीला अख्खा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, ०.०२५ चा, ५०.००० ते ४९.९७५. म्हणजे गरम असताना ४९.९९० आलं, वाटलं काय झकास बसलंय, आणि थंड झाल्यावर तोच जॉब ४९.९६७, गेला भंगारात. म्हणून तर जगभर मोजमापासाठी २० डिग्री सेल्सियस हे तापमान ठरवून ठेवलंय. हे सांगायला किती वेळ लागला असता? पण हे एकदा कळलं की उद्या ॲल्युमिनियमचा जॉब आला तरी मला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे तिथे अजून सांभाळायचं, हे माझं मीच ठरवू शकतो. याला म्हणतात ना कॉन्फिडन्स? की छाती पुढे काढून चालायचं, मोठ्याने बोलायचं, तो कॉन्फिडन्स? तसे आहेत आमच्याकडे दोघं-तिघं, आवाज मोठा आणि जॉब सगळे रीवर्कला.

अल्बर्ट बांडुरा म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ सालीच लिहून ठेवलंय की "हे मला जमेल" हा विश्वास चार गोष्टींतून येतो. सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून जमल्यावर. मग आपल्यासारख्याच कोणालातरी ते जमताना बघून. मग कोणी धीर दिला तर. आणि चौथं म्हणजे त्यावेळी आपल्या शरीराला काय होतंय, छातीत धडधड, हाताला घाम वगैरे. आता आमचा हिशोब लावा. स्वतः करायला मिळत नाही. बघायला मिळतो तो वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, ज्याचा हात आपोआप चालतो आणि तोंड अजिबात चालत नाही, त्याला बघून विश्वास येतो की जातो? धीर म्हणजे "झोपलास काय". आणि धडधड म्हणाल तर मागे कोणीतरी हाताची घडी घालून उभं असलं की ती फुकट मिळते. चारही रस्ते यांनीच बंद केलेत आणि वरून विचारतात, पोहोचला का नाहीस.

आता लगेच कोणीतरी येईल, "आमच्या वेळी तर मार खाऊन शिकलो आम्ही." शिकलात, मान्य. पण मार खाल्ला म्हणून शिकलात की मार खाऊन सुद्धा शिकलात, याचा कधी विचार केलात का? आणि जे मार खाऊन लाइन सोडून गेले त्यांचं काय, ते तर इथे सांगायला उभे नाहीत.

एक गोष्ट मात्र मानतो. चक आवळायची चावी चकमध्ये तशीच ठेवून मशीनच्या स्विचकडे हात गेला, हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ गेला, निघालेली लांब बर हाताने ओढायला गेला, तिथे ओरडा. कान धरा, मशीनवरून उतरवा, घरी पाठवा. तिथे एक शब्द उलटा बोलणार नाही कारण तिथे बोटं जातात, हात जातात, माणूस जातो. पण हे आणि ट्रायल कटनंतर थांबून माप घेणं एकाच तराजूत? चावी विसरल्यावर जेवढा आवाज चढतो तेवढाच मी मायक्रोमीटरचं रॅचेट (माप घेताना फिरवायचं टोक) दोनदा फिरवलं म्हणून चढतो. मग नवीन पोराला कळणार कसं की खरोखर घाबरायचं कशाला? तो सगळ्यालाच घाबरतो. आणि मग रिव्ह्यूच्या फॉर्मवर हेच लोक टिक करतात, आत्मविश्वास कमी, पुढाकार घेत नाही. पुढाकार! हँडल हातात टिकू द्या आधी.

जास्त काही मागत नाहीये. घाई नसलेला एक साधा स्टेप टर्निंगचा (वेगवेगळ्या डायामीटरच्या पायऱ्या कापायचा) जॉब द्या, मटेरियल भंगाराच्या पेटीतलं चालेल. ड्रॉइंग मी वाचणार, टूल सेंटरला मी लावणार, स्पीड-फीड मी ठरवणार, बॅकलॅश (हँडलचा रिकामा फिरणारा ढिलेपणा) मी काढणार, माप मी घेणार, आणि थंड झाल्यावर परत घेणार. पूर्ण झाला की तुम्ही तुमच्या मायक्रोमीटरने तपासा, मापाबाहेर गेला असेल तर कुठे आणि का गेला ते मला दाखवा, मग हवं ते बोला. तोपर्यंत प्लीज दुसऱ्या मशीनकडे तोंड करून उभे राहा.