जुन्या अ‍ॅम्पला ब्लूटूथ लावला की तो जळतो, हे खरं नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, की जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ब्लूटूथ रिसिव्हर (फोनवरचं गाणं वायरशिवाय घेऊन अ‍ॅम्पला देणारी डबी) जोडला तर अ‍ॅम्प जळतो, म्हणून आतलं सर्किटच बदलून घ्या. कृपा करून कोणी असलं काही करू नका!

फोंड्याला मामांनी असाच रिसिव्हर जोडला आणि त्यांनाही अ‍ॅम्प जळाला असंच वाटलं. गाणं लावलं तर आवाज फाटलेला, नुसता घरघराट, आणि मामा घाबरून अ‍ॅम्प दुरुस्तीला द्यायला निघाले. मागे वाकून बघितलं तर रिसिव्हरची वायर 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटमध्ये. फोनो फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी असतो, तिथे सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प ते शंभरेक पट वाढवतो, वर बासही फुगवतो. रिसिव्हर देतो १-२ व्होल्ट, मग फाटणारच ना. तीच वायर ऑक्समध्ये (AUX, बाहेरचं कुठलंही साधन जोडायचं सॉकेट) घातली आणि आवाज एकदम स्वच्छ, मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ऑक्स नसेल तर ट्यूनर किंवा टेप-इनही चालतं. गोल पाच पिनांचं डिन सॉकेट असेल तर तयार केबल मिळते, सोल्डरिंग नको.

रिसिव्हर काडेपेटीएवढा, कॅबिनेटच्या मागे ठेवला की दिसतही नाही, फक्त अ‍ॅम्पच्या लोखंडी पेटीत कोंबू नका, सिग्नल अडतो. आणि आपल्या गोव्याच्या पावसात सॉकेट काळे पडतात, एका बाजूने आवाज येत नसेल तर आधी ते कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, अ‍ॅम्प बंद करून.