परिचर भत्त्याबद्दल खुलासा
दारव्हा-दिग्रसकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : "जखमी माजी सैनिकाच्या घरकामाच्या बाईचा पगार सरकार देते, फॉर्मचे ५०० रुपये भरा." कृपा करून भरू नका. सरसकट असं काही नाही. आहे तो सतत परिचर भत्ता, म्हणजे सांभाळायला कायम माणूस लागतो म्हणून अपंगत्व पेन्शनसोबत मिळणारे पैसे. त्यासाठी सेवेमुळे आलेलं १०० टक्के अपंगत्व आणि सोबतीला कायम माणूस हवा अशी वैद्यकीय मंडळाची शिफारस, दोन्ही लागतात. जुलै २०१७ पासून महिना ६,७५० रुपये ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या परिचर भत्त्यात २५ टक्के भर पडते. असा माणूस का लागतो? मणक्याला मार बसून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी थांबणार कोण? ज्यांना लागू आहे त्यांनी पेन्शनचा आदेश आणि मंडळाचे कागद घेऊन यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं.