‘सॅंग्विनिया म्हणा आणि मोकळे व्हा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर सापडणाऱ्या मार्फिसा या पॉलिकीट (अंगावर राठ केस असलेल्या, खंडाखंडांच्या समुद्री) कृमीवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप असे: भारतातल्या पॉलिकीटांवरच्या पिएर फोव्हेल यांच्या १९५३च्या ग्रंथात मार्फिसा सॅंग्विनिया ही जात नोंदलेली असताना नव्या जातीचा घाट कशाला? शंका असलीच तर डीएनए काढावा, आठवड्यात निकाल लागेल. फोटोवर भागत असताना जीव का मारायचे? आणि नुसतं ‘मार्फिसा एसपी.’ (म्हणजे मार्फिसाची कुठलीतरी जात) लिहून वाचकाला लटकत का ठेवायचं? कॉलेजातल्या जुन्या बाटल्यांचं विचारलंत, तेही शेवटी घेतो.

फोव्हेल यांचा ग्रंथ आजही हाताशी लागतोच. पण त्यांच्या पिढीत एकच पॉलिकीट जात युरोपपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेली असू शकते, हे सहज मानलं जाई. सॅंग्विनियाचं मूळ वर्णन दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं. तुलनेसाठी मूळ नमुनाच उरलेला नव्हता, म्हणून २००३ साली तिथलाच नवा नमुना नावाचा आधार म्हणून ठरवला गेला. तोवर जगभरच्या लालसर, कल्लेवाल्या मार्फिसांना हे नाव चिकटत गेलं होतं. कॅपिटेला कॅपिटाटा या दुसऱ्या पॉलिकीटाच्या ‘एका’ जातीत अनेक जाती दडल्याचं तर १९७६ सालीच दाखवून झालं होतं. आपल्याकडे चिलिकातून मार्फिसा ग्रेव्हलीचं वर्णन १९२१ साली झालं आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून मार्फिसा मद्रासी २०२० साली. त्यामुळे गोव्याचा नमुना सॅंग्विनिया नाही एवढं सांगून काम संपत नाही. ग्रेव्हली, मद्रासी आणि मोझांबिका ही आणखी एक जात, या प्रत्येकीपासून तो कशात वेगळा, हे दाखवावं लागतं. वेळ जातो तो इथे.

दाखवायचं कशावरून? डोक्यावरची पाच उपांगं आणि त्यामागच्या वलयावर शृंगिकांची (मिशीसारख्या तंतूंची) जोडी नसणं, एवढ्यावरून प्रजातीपर्यंत, म्हणजे मार्फिसापर्यंत, पोहोचता येतं. पुढचा निवाडा दृढरोमांवर, म्हणजे अंगावरच्या राठ केसांवर, होतो. सॅंग्विनियाच्या गटात सांधेवाले, निमुळत्या पात्याचे दृढरोम असतात. मोझांबिकाच्या गटात प्रौढांना सांधेवाले नसतातच. घोळ असा की ही पाती जुन्या नमुन्यात मोडून पडतात, आणि काही जातींत सांधेवाले दृढरोम फक्त पुढच्या खंडांवर असतात. मधलाच एक पार्श्वपाद (खंडाच्या बाजूचा पायासारखा भाग) कापून पाहिला तर प्राणी सरळ चुकीच्या गटात जातो. म्हणून पुढचा, मधला आणि शेपटीजवळचा, असे किमान तीन ठिकाणचे पार्श्वपाद एकाच बाजूने कापून ग्लिसरिनमध्ये स्लाइडवर ठेवायचे. दातेरी दृढरोमांचे प्रकार शरीराच्या लांबीबरोबर बदलतात, त्यांचे दात मोजायला शंभरची ऑब्जेक्टिव्ह लागते, आणि छापण्याजोगं चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतं. त्यासाठी नमुना चढत्या अल्कोहोलमधून नेऊन क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये (न आक्रसता सुकवणाऱ्या यंत्रात) सुकवतात. हवेत सुकवला तर पार्श्वपाद आक्रसून काहीच कळत नाही.

कल्ले कितव्या खंडापासून सुरू होतात आणि त्यांना किती तंतू, हे वर्णनात असतंच, पण दोन्ही गोष्टी प्राण्याच्या आकाराबरोबर बदलतात. लहान आणि मोठा असे दोन नमुने वेगळ्या जातींचे वाटण्याचं हे नेहमीचं कारण. शेपूट हमखास तुटलेली असल्यामुळे एकूण लांबीवर विसंबता येत नाही. दहाव्या दृढरोमी खंडापर्यंतची लांबी आणि त्या खंडाची पार्श्वपाद सोडून रुंदी, ही मापं घ्यायची. जबडे पाहताना घसा पोटाकडून उघडला तर डावं-उजवं उलटं दिसतं. वरच्या जबड्याचा तिसरा तुकडा फक्त डावीकडे असतो, तो आधी शोधला की बाजू चुकत नाही.

हे सगळं नमुना नीट जतन केला असेल तरच. हणजूणच्या खडकातून कृमी ओढून काढला तर हातात पुढचा तुकडा येतो आणि मागचा भाग भेगेतच राहतो. छिन्नी-हातोडीने भेगेभोवतीचा खडक फोडून तुकडा समुद्राच्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवावा. पाणी शिळं होऊ लागलं की प्राणी आपणहून बाहेर येतो. मग गुंगी: एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ७३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, आणि त्यात तेवढंच समुद्राचं पाणी. पावसाळ्यात मांडवी-झुआरीच्या खाडीतले नमुने घेतलेत तर तिथली खारटता मोजून द्रावण पातळ करा, नाहीतर गोडसर पाण्यातला प्राणी खाऱ्या द्रावणात आकसतो. टोचल्यावर हालचाल थांबली की मधल्या खंडांचे दोन-तीन पार्श्वपाद ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. उरलेला प्राणी सरळ ताणून दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे एक भाग बाजारी फॉर्मॅलिन आणि नऊ भाग समुद्राचं पाणी, वर चिमूटभर बोरॅक्स. बोरॅक्स विसरलात तर फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि जबड्यांचा चुनखडीचा पांढरा भाग विरघळतो. एक-दोन दिवसांनी पाण्याने धुऊन ७० टक्के अल्कोहोल.

आता डीएनए. तो हवाच, पण निकाल एकटा तो देत नाही. नेहमीच्या प्रायमरने (हवा तो तुकडा निवडणाऱ्या छोट्या डीएनए-धाग्याने) सीओआय या, जाती ओळखायला वापरतात त्या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा मिळायला हवा. पॉलिकीटांत ते प्रायमर बरेचदा चालतच नाहीत, मग १६एस या दुसऱ्या जनुकाकडे वळावं लागतं. तुकडा मिळाला तरी तो जुळवायचा कशाशी? सार्वजनिक जनुककोशातलं नाव ज्याने टाकलं त्याच्या ओळखीइतकंच खरं. चुकीच्या ओळखीच्या नमुन्याशी ९९ टक्के जुळणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं. मूळ ठिकाणच्या, जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रम मिळाला तरच त्या टक्क्यांना अर्थ आहे. किती टक्के फरक म्हणजे वेगळी जात, अशी सर्वत्र चालणारी रेषाही नाही.

जीव मारण्याबद्दलचा तुमचा कळवळा मला पटतो. म्हणूनच गरजेपेक्षा जास्त खडक फोडू नये आणि फोडलेले तुकडे जागच्या जागी परत ठेवावेत. पण फोटोत रंग दिसतो, दृढरोमाचे दात दिसत नाहीत. लहान-मोठे मिळून दहा-बारा चांगले नमुने असले तर आकाराचा प्रश्न सुटतो, आणि पुढच्या कोणालाही आपला दावा तपासता येतो.

‘एसपी.’बद्दल थोडक्यात. ब्लॉगवर दिलेलं नाव प्राणिनामकरणाच्या संहितेत उपलब्ध ठरत नाही. वर्णन रीतसर प्रकाशित व्हावं लागतं, प्रकाशन फक्त ऑनलाइन असेल तर आधी झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते, आणि आधारनमुना कोणता व कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहावं लागतं. जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ३९नुसार नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारकही आहे. गोव्यात तसा संग्रह दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आहे. अर्धवट नाव इंटरनेटवर फिरू लागलं की याद्यांत शिरतं, आणि ते उपसून काढणं फार जड जातं.

आता तुमच्या बाटल्या. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या नमुन्यातून डीएनएची आशा धरू नका, पण बाह्यलक्षणांसाठी ते मोलाचे आहेत. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून झाकण काढा आणि पीएच पट्टी बुडवा. आम्ल निघालं तर जबड्यांचा पांढरा भाग गेलेला असू शकतो, तसं नोंदवून ठेवा. मग पाण्याने धुऊन ३०, ५० आणि ७० टक्के अल्कोहोलमधून टप्प्याटप्प्याने न्या. मूळ चिठ्ठी फाटकी असली तरी टाकू नका. नवी चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत घाला, बाहेरचं स्टिकर अल्कोहोलने सुटतं. ठिकाण, तारीख, भरतीरेषेपासूनची पातळी, गोळा करणारा, द्रावण: यातलं जे माहीत असेल तेवढंच लिहा, अंदाजाने रकाना भरू नका. ज्या बाटलीवर फक्त ‘गोवा’ आहे तिच्यातला नमुना नव्या जातीचा आधार म्हणून कामाचा नाही, पण दृढरोम पाहायला विद्यार्थ्यांना तोच द्या, म्हणजे नीट नोंदी असलेल्या नमुन्यांवर कात्री चालणार नाही.