राऊटर काढल्यानं चष्मा उतरत नसतो

आमच्या लेकीच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर आठ-दहा दिवसांपासून एक मेसेज फिरायलाय, तोच मग भावकीच्या ग्रुपवर आला, तोच हिंगोलीहून मेव्हण्यानं पाठवला. त्यात थोडक्यात असंय की शाळेत वायफाय लावणं म्हणजे लेकरांना मायक्रोवेव्हमधी बसवणं, डब्ल्यूएचओनं याला कॅन्सरकारक ठरवलंय, डेन्मार्कच्या पोरींनी प्रयोग करून सिद्ध केलंय, फ्रान्सनं शाळेत बंदी आणलीय, लेकरांचं डोकं दुखणं अन् चष्मे लागणं हे सगळं त्या लहरींमुळंच, म्हणून शाळेतला राऊटर अन् शेजारचा टॉवर काढायला लावा, अन् तोवर मोबाईलला रेडिएशनचं स्टिकर चिटकवा.

आधीच सांगतो, मी परभणीत सीसीटीव्ही अन् इंटरनेट जोडणीचं काम करतो, राऊटर लावून देणं हाच माझा धंदा आहे. "हा तर असंच बोलणार" म्हणायचं तर म्हणा, पण माझी पोरगीपण त्याच वर्गात बसती.

मायक्रोवेव्हचं बघू. ओव्हन अन् वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात हे खरंय, मेसेजवाल्यानं नेमकं तेवढंच उचललंय. ओव्हन ८००-१००० वॅटचा, तीबी ताकद पत्र्याच्या पेटीत कोंडलेली. साधा राऊटर सोडतो ०.१ वॅटच्या आसपास, तेबी चहूकडं पसरून, अन् तुम्ही दुप्पट लांब गेलात की पाव राहतं. चुलीवर भाकर भाजती, देवघरातल्या निरांजनावर भाजत नाही, आग तर दोन्हीकडं आहे की. अन् रेडिएशन म्हटलं की लोकायला डायरेक्ट एक्स-रे आठवतो. ट्यूबचा उजेडबी याच जातीची लहर आहे, त्याच्या एकेका कणातली ताकद वायफायच्या कणाच्या दोन लाख पट भरती, तरी ट्यूबखाली बसून कुणाचा डीएनए तुटत नाही.

डब्ल्यूएचओचं अर्धं खरंय. त्यांच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, आयएआरसीनं, २०११ ला रेडिओ लहरी '२बी' गटात टाकल्या. त्याचा अर्थ 'शक्यता आहे, पुरावा तोकडा आहे' असा होतो, 'कॅन्सर होतो' असा नाही. तोबी मुख्यतः वर्षानुवर्षं कानाला फोन लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासावरून. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कबी आहे. गट १, म्हणजे पक्का पुरावा असलेला, त्यात कोण बसलंय? तंबाखू, सुपारी, दारू. मला हा मेसेज ज्या काकांनी पाठवला त्यांच्या खिशात बारा महिने गुटख्याची पुडी असती, राज्यात बंदी २०१२ पासून असली तरी. आता काय बोलावं. अन् २०२४ ला डब्ल्यूएचओनंच करून घेतलेला मोठा आढावा आला, त्यात मोबाईलचा अन् मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. ते काही मेसेजमधी नाही.

डेन्मार्कचा प्रयोग खरा आहे, २०१३ चा, नववीच्या पाच पोरींनी अळीवासारख्या भाजीचं बी राऊटरजवळ अन् दुसऱ्या खोलीत ठेवलं, राऊटरजवळचं नीट उगवलं नाही. पोरी हुशार, पण उष्णतेचं काय, पाणी किती सुकलं, हे नीट वेगळं काढलेलं नव्हतं. मी घरी लेकीला घेऊन करून बघितलं. दोन बश्या, खाली ओला कापूस, वर मेथी. एक बशी राऊटरला चिटकून, दुसरी खिडकीत. तिसऱ्या दिवशी राऊटरजवळचा कापूस हाताला कडक लागला, मेथी तशीच. पोरगी म्हणली, "पप्पा मेसेज खरा निघाला." मी म्हणलं राऊटरवर हात ठेवून बघ. कोमट. चोवीस तास चालू असती मशीन, दुसरं काय होणार. परत मांडलं, आता त्या बशीला सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं, तर दोन्हीकडची मेथी सारखीच वर आली. हे काही संशोधन नाही, दोन बश्यांचा खेळ आहे, पण तिला काय तपासायचं असतं ते कळलं.

फ्रान्स. तिथं २०१५ च्या कायद्यानं तीन वर्षांखालच्या लेकरांच्या पाळणाघरात वायफाय बंद आहे, अन् प्राथमिक शाळेत शिकवायला लागत नसेल तेव्हा बंद ठेवायचं आहे. ही काळजी म्हणून घेतलेली खबरदारी, आजार सापडला म्हणून नाही, अन् शाळेत पूर्ण बंदी तर नाहीच. खरी बंदी आणली २०१८ ला, मोबाईलवर! साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांनी शाळेत मोबाईल वापरायचा नाही, कारण लक्ष लागत नाही, मधल्या सुट्टीत कुणी कुणाशी खेळत नाही. म्हणजे मोबाईलवरून मेसेज पाठवणाऱ्यानं मोबाईलवरचीच बंदी राऊटरच्या नावावर टाकली.

टॉवर काढायची मागणी तर उलटी पडती, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाबी विचारा. फोनला रेंज कमी असली की तो जास्त जोर लावून सिग्नल फेकतो, डोंगरात गेलं की बॅटरी भराभर उतरती अन् फोन गरम होतो त्यात हेबी एक कारण असतंय. टॉवर शंभर-दोनशे फुटांवर, फोन कानाला किंवा मांडीवर, अंगाला जास्त कुठून लागणार तुम्हीच सांगा. टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आपल्याकडं सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणलीय, अन् शंका असली तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजून मागता येतं. तिकडं बीडच्या बालाघाटात दिवाळी झाली की माय-बाप ऊसतोडीला कारखान्यावर, लेकरू आजीपाशी, अन् रात्री सात-साडेसातला आजी ओट्यावर, मग गच्चीवर, फोन वर धरून रेंज शोधती. त्या लेकराला तुम्ही टॉवर काढून काय देणार?

आता डोकेदुखी अन् चष्मे. इथं मात्र मी पालकांच्या बाजूनं आहे, कारण त्रास खरा आहे, फक्त पत्ता चुकलाय. लहरींनी डोकं दुखतं म्हणणाऱ्यांवर ४० च्या वर चाचण्या झाल्यात, सिग्नल चालू की बंद हे न सांगता, अन् त्यांना ते ओळखू आलं नाही, बंद असतानाबी डोकं दुखलं. दुखणं खोटं नव्हतं, कारण दुसरं होतं. माझ्याच लेकीचं सांगतो, पाचवीत डोकं धरून यायची. शाळेत गेलो तर स्मार्ट बोर्डसमोरच्या खिडकीतून बाजूच्या शेडच्या पत्र्याची चमक थेट स्क्रीनवर, डावीकडची पोरं तिरकी मान करून बघायलेली. घरी रात्री नऊला ग्रुपवर गृहपाठाची पीडीएफ, ती आईच्या तडा गेलेल्या फोनवर झूम करून करून उतरवायची, लाईट गेली की अंधारात तसंच. स्क्रीनकडं बघताना पापणी कमी लवती, डोळा कोरडा पडतो. पुढं उणे दीडचा नंबर लागला. डॉक्टरांनी चष्मा दिला अन् विचारलं, ही उन्हात किती वेळ असती? मला सांगता आलं नाही.

बाहेरच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यातलं डोपामाइन नावाचं रसायन वाढतं अन् डोळ्याचा गोळा लांबत जाण्याला, म्हणजे उणे नंबर लागण्याला, आळा बसतो, असं मानतात. तैवाननं २०१० पासून शाळेतल्या पोरांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रम घेतला, वर्षानुवर्षं चढत असलेला, नजर कमी असलेल्या पोरांचा आकडा त्यानंतर खाली यायला लागला. राऊटर नव्हते काढले त्यांनी. आपल्याकडं एप्रिलात बेचाळीसच्या उन्हात दुपारी कोण सोडणार, पण सकाळी सात अन् संध्याकाळी पाच कुठं गेलेत? त्या वेळेला ट्यूशन असती. अन् लॉकडाऊनमधीसुद्धा केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनेत पहिली ते आठवीला ऑनलाईन तास दिवसाला दोनच, प्रत्येकी तीस-पंचेचाळीस मिनिटांचे, असं लिहिलं होतं. आता शाळा रोज भरती तरी स्क्रीन त्याच्या वर जायलीय.

स्टिकरवर वेळ घालवत नाही. खरंच लहरी अडवत असतं तर फोन लागला नसता, फोन लागतोय म्हणजे तुमचे पैसे गेले.

मी ग्रुपवर तीनच गोष्टी टाकल्यात: गृहपाठ फळ्यावर लिहून वहीत, पीडीएफ नको. खेळाचा तास गणिताच्या सरांनी घ्यायचा नाही. बोर्डवर सलग अर्ध्या तासाच्या वर नाही. चौदा जणांनी अंगठा दाखवला, काकांनी परत तोच मेसेज टाकला. खिडकीला जाड पडदा मात्र मीच रविवारी जाऊन लावून आलो, ड्रिल मशीन होतीच गाडीत.